आश्रमात आधी फोन करूनच या म्हणतात, हे बरोबर आहे का?

म्हापसेकर: आत्येला इथे बार्देशातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलंय, जागा स्वच्छ आहे पण आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि बोलायला बसलो की एक बाई तिथेच उभी, आत्ये तिच्याकडे बघून मगच "बरं आहे" म्हणते. मी उगाच संशय घेतोय का?

फोंड्याचा भाऊ: उगाच नाही हो. बाहेरचं कोणी येत नसलं की आत वाईट वागणूकसुद्धा रोजचीच वाटायला लागते. इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू हॉस्पिटलात मारहाण चालायची, ती २०११ साली बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यामुळे उघड झाली. तिथल्याच एका नर्सने आधी तक्रार केली होती, कोणी मनावर घेतली नाही!

मडगावची ताई: वेळ बदलून जा, जेवणाच्या वेळी तर जाच. पेज गरम असते का, पाण्याचा तांब्या हाताशी आहे का, दंडावर वळ आहेत का बघा, झोपेची गोळी देत असतील तर डॉक्टरची चिठ्ठी मागा. आणि आत्येला देवळात न्या, तिथे मोकळं बोलतील. काही निघालं तर १४५६७ वर फोन करा, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाईन आहे, पैसे लागत नाहीत.

म्हापसेकर: चिठ्ठीचं डोक्यातच नव्हतं, हल्ली ती दुपारीही गुंगीत असते. उद्याच जातो, फोन न करता.