दोन विद्यापीठांमधील वार्षिक बुद्धिबळ सामना: पटांचा क्रम, पंच आणि वेळ कशी ठरवावी?

प्रश्न: मंडळाचा_कार्यवाह

नमस्कार. पुण्यातील एका विद्यापीठाच्या बुद्धिबळ मंडळाचे काम मी गेली सहा वर्षे पाहतो आहे. इंग्लंडमधील एका विद्यापीठाच्या मंडळाशी आमचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातून दरवर्षी दोन्ही संघांनी आंतरजालावरून एक सामना खेळावा अशी कल्पना पुढे आली. फेब्रुवारीत आठ पटांचा एक चाचणी सामना आम्ही खेळलो. मुलांनी जीव ओतून खेळ केला, परंतु सामना संपला तेव्हा दोन्हीकडे समाधानापेक्षा रुखरुखच अधिक उरली.

पहिली अडचण पटांच्या क्रमाची झाली. त्यांचा संघ एलो गुणांकनाप्रमाणे (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याप्रमाणे) लावलेला होता, तर आमच्या कर्णधाराने सर्वांत बलवान खेळाडू चौथ्या पटावर बसवला होता आणि याविषयी आधी काहीच ठरलेले नसल्यामुळे त्याला चूक म्हणावे की डावपेच, यावर आमच्यातच दोन तट पडले. दुसरे म्हणजे दोन डाव संपर्क तुटल्यामुळे घड्याळावर हरले गेले. तिसरी गोष्ट मला सर्वांत अधिक लागली आहे. सहाव्या पटावरील आमचा मुलगा उत्तम खेळून जिंकला, त्यानंतर समोरून त्याच्या खेळ्या संगणकाच्या असाव्यात अशी शंका व्यक्त झाली, आणि तो मुलगा प्रामाणिक आहे हे मला ठाऊक असूनही ते सिद्ध करण्याचे कोणतेच साधन माझ्या हाती नव्हते. त्यानंतर तो महिनाभर मंडळाकडे फिरकला नाही.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील सामना १८७३ पासून चालत आला आहे हे मी वाचले आहे. इतकी वर्षे तो कशाच्या बळावर टिकला, आणि दोन देशांतील विद्यापीठांनी समोरासमोर न बसता सामना खेळल्याचे जुने उदाहरण आहे का, हे जाणकारांनी सांगावे. पुढच्या सामन्यापूर्वी मला नियमांचा मसुदा करायचा आहे.

उत्तर: जुने_डाव

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपल्याला पडलेला पेच सव्वाशे वर्षांपूर्वी अटलांटिकच्या दोन्ही काठांवरील लोकांना जवळजवळ याच स्वरूपात पडला होता.

१८९६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात समुद्राखालून टाकलेल्या तारेवरून सामने सुरू झाले. त्यासाठी सर जॉर्ज न्यून्स यांनी करंडक दिला होता, आणि १९११ मध्ये ब्रिटनने सलग तिसरा विजय मिळवून तो कायमचा आपल्याकडे ठेवला तेव्हा ती मालिका संपली. १८९७ मध्ये तर ब्रिटनचे हाउस ऑफ कॉमन्स आणि अमेरिकेचे प्रतिनिधिगृह यांचे सदस्य पाच पटांवर तारेने खेळले आणि सामना अडीच-अडीच गुणांनी बरोबरीत सुटला. विद्यापीठांनी हीच वाट धरली ती १८९९ मध्ये. एका बाजूला ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचा संयुक्त संघ आणि दुसऱ्या बाजूला कोलंबिया, हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांचा संयुक्त संघ, असा तो सामना होता. त्याचा करंडक न्यूयॉर्कचे आयझॅक राइस यांनी दिला होता. ‘राइस गँबिट’ या डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांच्या प्रकाराला ज्यांचे नाव आहे तेच हे गृहस्थ. तेव्हा विद्यापीठांचा आंतरराष्ट्रीय सामना, तोही एकमेकांचे तोंड न पाहता, ही आपली कल्पना नवी नाही. तिला चांगले घराणे आहे.

आपल्याला त्यातून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ते लोक तारेवर विसंबून राहिले, परंतु केवळ तारेवर नव्हे. समोरच्या बाजूचा एक प्रतिनिधी प्रत्येक शहरात खेळाडूंजवळ हजर असे. खेळी पटावर होई, लिहिली जाई, तारघरात जाई आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा पटावर मांडली जाई, आणि या प्रवासाच्या दोन्ही टोकांना विश्वासाचा माणूस उभा असे. वेळेत न संपलेले डाव त्रयस्थ जाणकाराकडे निर्णयासाठी सोपवले जात. आपल्या सहाव्या पटावरील मुलाशेजारी असा एक माणूस त्या दिवशी उभा असता, तर त्याच्यावर बोट उठले नसते. पळवाट शोधणारे लोक तेव्हाही असतीलच. म्हणून तर ही व्यवस्था सामन्याच्या आधीच केलेली असे.

आता ऑक्सफर्ड–केंब्रिजविषयी. पहिला सामना मार्च १८७३ मध्ये लंडनमध्ये, सिटी ऑफ लंडन चेस क्लबच्या पुढाकाराने, सात पटांवर झाला आणि ऑक्सफर्डने तो जिंकला. दोन्ही विद्यापीठांची नौकाशर्यत त्याच आठवड्यात होती. सुरुवातीच्या काळात एकाच जोडीने वेळ असेपर्यंत एकाहून अधिक डाव खेळण्याची पद्धत होती. पुढे एका पटावर एकच डाव असे स्थिर झाले. केंब्रिजकडून त्या पिढीत खेळलेले जॉन नेव्हिल केन्स हे तर्कशास्त्रज्ञ, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे वडील. महायुद्धांच्या काळातील खंड वगळला, तर हा सामना पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला आहे आणि बुद्धिबळातील सर्वांत जुना वार्षिक सामना म्हणून तो ओळखला जातो.

त्यातून गेलेली माणसे पाहिली की या सामन्याचे मोल कळते. ब्रिटिश अजिंक्यपद नऊ वेळा मिळवणारे हेन्री अ‍ॅटकिन्स केंब्रिजचे. ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिल्नर-बॅरी हेही केंब्रिजचे, आणि १९३९ मध्ये ब्यूनस आयर्स येथे देशोदेशींच्या संघांची बुद्धिबळ ऑलिंपियाड चालू असताना युद्ध सुरू झाले तेव्हा ते स्पर्धा अर्धवट सोडून परतले, ब्लेचली पार्कमध्ये दाखल झाले आणि जर्मन संदेशांची कोडी सोडवणाऱ्या विभागांचे पुढे प्रमुख झाले. ऑक्सफर्डकडे जॉन नन होते. ते पंधराव्या वर्षी तेथे गणित शिकायला गेले आणि पुढे ग्रँडमास्टर झाले. परंतु सामना टिकला तो अशा मोठ्या नावांमुळे, असे मला वाटत नाही. नावाजलेले खेळाडू तीन-चार वर्षे असतात आणि पदवी घेऊन निघून जातात. मागे राहते ती ठरलेली तारीख, ठरलेले पट आणि प्रत्येक डावाची नोंद. त्या नोंदी इतक्या नेटाने जपल्या गेल्या आहेत की एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थ्यांचे डाव आजही आपण पटावर मांडून पाहू शकतो. आपल्या चाचणी सामन्यातील आठही डाव, हरलेले दोन धरून, आजच एका वहीत उतरवून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर: पंच_नाशिक

मी स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो, म्हणून केवळ नियमांपुरते लिहितो.

आपल्या कर्णधाराने चौथ्या पटावर बलवान खेळाडू बसवला यात त्याचा दोष नाही, कारण नियमच नव्हता. परंतु नियम का हवा हे आकड्यांनी पाहा. समजा दोन्ही संघ अगदी सारखे आहेत आणि आठ खेळाडूंचे गुणांकन २३०० पासून शंभरा-शंभराने उतरत १६०० पर्यंत आहे. दोघांनी क्रमाने संघ लावले, तर प्रत्येकाला सरासरी चार गुणांची अपेक्षा असते. आता एका कर्णधाराने १६०० वाल्याला पहिल्या पटावर पाठवले आणि बाकी सर्वांना एकेक पट खाली सरकवले, तर पहिला पट गेल्यातच जमा होतो, परंतु उरलेल्या सातही पटांवर त्याचा खेळाडू शंभर गुणांनी वरचढ ठरतो. शंभर गुणांच्या फरकाला सुमारे ६४ टक्के गुणांची अपेक्षा असते, म्हणजे सात पटांवर जवळजवळ साडेचार. आठ पटांच्या सामन्यात विजयासाठी नेमके साडेचारच लागतात. एका मुलाचा बळी देऊन खेळण्याआधीच अर्धा गुण पदरात पडतो, आणि त्या मुलाच्या वाट्याला वर्षातला एकमेव सामना हरण्यासाठीच खेळणे येते. ही गोष्ट विद्यापीठाच्या सामन्यात मला मुळीच मान्य नाही.

म्हणून संघाची यादी गुणांकनाच्या उतरत्या क्रमाने असावी, जवळपास सारखे गुणांकन असलेल्यांपुरतीच कर्णधाराला मोकळीक द्यावी, आणि दोन्ही याद्या एकाच वेळी त्रयस्थाच्या हाती पडाव्यात. एक खेळाडू आजारी पडला तर खालचे सर्व एकेक पट वर सरकतील आणि राखीव खेळाडू शेवटी बसेल, हेही लिहून ठेवावे. मोहऱ्यांच्या रंगासाठी नाणेफेक एकदाच करावी. पहिल्या पटावर पांढरी आली तर दुसऱ्यावर काळी, असे आळीपाळीने शेवटपर्यंत, म्हणजे प्रत्येक संघाला चार पांढरी मिळतात. पुढच्या वर्षी ते उलटावे.

संगणकाच्या शंकेवर आता मार्ग आहे. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, ऑनलाइन नियमांत संमिश्र पद्धत मान्य आहे, तिच्यात खेळाडू घरून न खेळता आपापल्या शहरात एकाच सभागृहात, प्रत्यक्ष पंचाच्या नजरेखाली बसतात आणि केवळ खेळी आंतरजालावरून जाते. वर सांगितलेल्या तारेच्या सामन्याचीच ही नवी आवृत्ती म्हणा ना. दोन्ही सभागृहांत पंच नेमा, भ्रमणध्वनी दाराशीच ठेवून घ्या आणि समोरच्या विद्यापीठाच्या वतीने एक निरीक्षक बसवा. पुण्यात राहणारा त्यांचा एखादा माजी विद्यार्थी असेल तर उत्तमच.

संपर्क तुटण्यावर माझा तोडगा असा आहे की प्रत्येक खेळाडूने डावाच्या नोंदपत्रिकेवर प्रत्येक खेळी हाताने लिहावी. संपर्क गेला तर दोन्ही पंचांनी घड्याळे थांबवावीत आणि खेळ्या दूरध्वनीवरून आकड्यांत सांगाव्यात. टपालाने खेळल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात उभ्या ओळींना अक्षरांऐवजी एक ते आठ आकडे देतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक खेळी चार अंकांत मावते: दोन अंक मोहरे निघते त्या घराचे, दोन ते पोहोचते त्या घराचे. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारले की ५२५४. पांढऱ्याने राजाच्या बाजूचा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) केला की राजाची हालचाल तेवढी सांगायची, ५१७१. दूरध्वनीवर बी, डी, ई, जी ही अक्षरे एकसारखी ऐकू येतात, तशी आकड्यांची गल्लत होत नाही. मागच्या वर्षी एका शालेय सामन्यात वीज गेली असता आम्ही पाचव्या पटावरील डावाच्या शेवटच्या अकरा खेळ्या अशाच पूर्ण केल्या. त्या पटावरची मुलगी प्रत्येक आकडा ऐकताना डोळे मिटून घेत असे आणि मग समोरच्या पटावर प्रतिस्पर्ध्याचे मोहरे स्वतःच्या हाताने, अगदी घराच्या मधोमध, ठेवत असे. तो डाव बरोबरीत सुटला.

उत्तर: लंडनहून

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालते.

ऑक्सफर्ड–केंब्रिजचा सामना आता आठ पटांचा असतो आणि प्रत्येक संघात किमान एक महिला खेळाडू असावीच लागते. अलीकडच्या काळात तो लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरील रॉयल ऑटोमोबाइल क्लबमध्ये होत आला आहे. आपल्या मसुद्यात ही अट पहिल्याच वर्षी घाला. नंतर घालायची म्हटली की एका मुलाची जागा काढून घेतल्यासारखे वाटते आणि वाद होतो; सुरुवातीपासून असली की दोन्ही मंडळे मुलींना शोधू लागतात, शिकवू लागतात. आमच्या मंडळात मी आले तेव्हा वर्षभर एकटीच मुलगी होते, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगते आहे.

दुसरी गोष्ट पात्रतेची. कोण खेळू शकेल हे आत्ताच ठरवा. पूर्णवेळ विद्यार्थीच की संशोधक आणि अर्धवेळ शिकणारेही? अमेरिकेत डॅलस येथील टेक्सास विद्यापीठासारख्या काही संस्था बुद्धिबळासाठी शिष्यवृत्ती देऊन जगभरातून ग्रँडमास्टर आणतात, आणि त्यात गैर काही नाही, परंतु अशा संघासमोर हौशी विद्यार्थ्यांचा संघ बसला तर सामना एकतर्फी होतो. दोन्ही मंडळांची ताकद साधारण सारखी राहील अशी जोडीच वर्षानुवर्षे टिकते.

मंडळाचा_कार्यवाह

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. आठही डाव काल रात्री वहीत उतरवले. सहाव्या पटावरील मुलाला बोलावून त्याचा डाव त्याच्याकडूनच लिहून घेतला. दोन तास बसला होता. संमिश्र पद्धतीचा प्रस्ताव समोरच्या मंडळाला आज पाठवतो आहे. एकच शंका उरली आहे: मार्चचा शेवटचा आठवडा त्यांना सोयीचा आहे, सकाळी दहाला सुरुवात करू म्हणतात. आमचे सभागृह रात्री आठला बंद होते. वेळ पुरेल का?

उत्तर: पंच_नाशिक

प्रत्येकाला दीड तास आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंदांची भर धरली, तर साठ खेळ्यांचा डाव साधारण चार तास चालतो. हिवाळ्यात त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, म्हणजे साडेसातला संपेल आणि लांबलेल्या डावाला केवळ अर्धा तास उरेल. परंतु मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास पुढे जातात आणि त्या दिवसापासून त्यांचे दहा म्हणजे आपले अडीच होतात. त्यामुळे सामना त्या रविवारनंतरच्या शनिवारी ठेवा, आणि पत्रात दोन्ही शहरांच्या वेळा वेगवेगळ्या लिहा. केवळ ‘सकाळी दहा’ असे लिहून चालणार नाही. सभागृहाची परवानगी मात्र साडेआठपर्यंतची मागून ठेवा. शेवटचा हत्ती-प्याद्यांचा डाव नेहमी सर्वांत उशिरा संपतो.