इंटर्नमेंट: स्थानबद्धता, नजरकैद की आणखी काही?

अनुवादिका: पहिल्या महायुद्धातल्या अहमदनगरच्या छावणीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. हिंदुस्थानात राहणारे जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक, म्हणजे मिशनरी, व्यापारी वगैरे, १९१४ नंतर पकडून तिथे तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. पानोपानी ‘इंटर्न्ड’ येतं. ‘तुरुंगात टाकले’ लिहवत नाही. खटला नाही, शिक्षा नाही. ‘नजरकैद’ बसेल का? आणि ‘कॉन्स्क्रिप्शन’ला काय लिहू?

रत्नांग्रीकर: ताई, नजरकैद नको. तो शब्द आमच्या थिबाराजाचा. ब्रह्मदेशचा राजा १८८६ला रत्नागिरीत आणला, १९१०च्या सुमारास त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, १९१६ला तो तिथेच वारला. नोकरचाकर, मानमरातब, पेन्शन, फक्त बाहेर जायचं नाही. शेकडो माणसं बराकीत कोंबली की त्याला नजरकैद कोण म्हणेल? हिंदीवाले सर्रास ‘नजरबंद’ लिहितात, तेही उचलू नका. मराठीत नजरबंदी म्हटलं की जादूगार आठवतो.

कायद्याचा कीडा: ‘स्थानबद्ध’ लिहा, विषय संपला. राज्यघटनेच्या मराठी पाठातही प्रतिबंधक स्थानबद्धता आहे.

रत्नांग्रीकर: संपला कसा? सावरकरही रत्नागिरीत स्थानबद्धच होते, १९२४ ते १९३७. जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही, या अटी. पण जिल्ह्यात हिंडत होते, भाषणं देत होते, पतितपावन मंदिर उभं राहिलं. ही खरी ‘स्थानबद्धता’, स्थानाला बांधलेला माणूस. तडीपारीच्या बरोबर उलट! तडीपाराला जिल्ह्यात यायची बंदी, याला जिल्ह्याबाहेर जायची.

कायद्याचा कीडा: व्युत्पत्तीने बरोबर, वापराने नाही. आजचा पेपर उघडा. ‘सराईत गुन्हेगार एमपीडीएखाली स्थानबद्ध, येरवडा कारागृहात रवानगी.’ एमपीडीए हा सराइतांना खटल्याशिवाय डांबायचा राज्याचा कायदा. म्हणजे भिंतीआड ठेवलेल्यालाही मराठी स्थानबद्धच म्हणते. १९४२ला नेहरू, पटेल, आझाद नगरच्या किल्ल्यात ठेवले, त्यांच्याबद्दलही हेच वाचत आलो. खटल्याशिवाय, ‘पुढे काही करेल’ या धास्तीने डांबणं, हा या शब्दाचा गाभा. मिशनरी काय, सराईत काय, सरकारचं लॉजिक तेच.

नगरकर: दोघांचंही घ्या. कृतीला ‘स्थानबद्ध करणे’, जागेला ‘स्थानबद्धांची छावणी’. एक मात्र सांभाळा: ‘युद्धकैदी’ सरसकट लिहू नका. नगरला काही खरे युद्धकैदीही होते, जर्मन पूर्व आफ्रिकेत पकडलेले वगैरे. गणवेशात पकडला तो युद्धकैदी. मंगळूरकडे कौलांचा कारखाना सांभाळणारा बासेल मिशनचा जर्मन माणूस युद्धकैदी कसा होईल? तो शत्रुराष्ट्राचा नागरिक, म्हणून स्थानबद्ध. आमच्याकडे बोलीत सगळे ‘जर्मन कैदी’च, ते बोलण्यापुरतं ठीक.

अनुवादिका: पुढच्या भागात दुसरं महायुद्ध आहे, त्यात गोंधळ आणखी वाढतो. १९३९ला जर्मन म्हणून पकडलेल्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. त्यांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ लिहायचं?

नगरकर: कागदावर तेच होते. लिहा ‘कागदोपत्री शत्रुराष्ट्राचे नागरिक’. ‘कागदोपत्री’ या एका शब्दात सगळा विनोद, म्हणजे विनोद नाही खरा, येऊन जातो. पुढे चौकशी समिती बसून त्यातले बरेच सुटले. कुटुंबांना पुरंदर, साताऱ्याकडे ठेवलं होतं, तिथे ‘कौटुंबिक छावणी’ लिहा.

कायद्याचा कीडा: कॉन्स्क्रिप्शन: ‘सक्तीची सैन्यभरती’. पण कोणावर सक्ती, हे लेखात तपासा. १९१७च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्याने सक्ती केली ती हिंदुस्थानातल्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांवर. हिंदुस्थानी माणसावर कायद्याने सक्ती नव्हती, दुसऱ्या युद्धातही नाही. पंचवीस लाखांचं सैन्य कागदोपत्री स्वखुशीचं.

रत्नांग्रीकर: स्वखुशी! पंजाबात पहिल्या युद्धाच्या शेवटी गावागावाला माणसांचा आकडा ठरवून दिला होता, आणि मामलेदार-पाटील मागे लागले की स्वखुशी कुठली? त्याला मी ‘वेठीची भरती’ म्हणेन.

कायद्याचा कीडा: म्हणा, पण अनुवादात नको. मूळ लेखक कायद्याबद्दल बोलत असेल तर ‘सक्तीची भरती’, दडपणाबद्दल बोलत असेल तर ‘दडपून केलेली भरती’. ‘वेठ’मध्ये तुमचं मत आलं. वेठ-बिगार म्हणजे फुकट राबवणं. या शिपायाला पगार होता.

अनुवादिका: आणि भरती झालेल्या माणसाला? ‘रंगरूट’ चालेल?

नगरकर: रंगरूट म्हणजे नवखा शिपाई, हौशी असो की पकडून आणलेला. मूळ शब्द इंग्रजीतला ‘रिक्रूट’च, आपल्या तोंडात घासून गुळगुळीत झालेला. सक्ती दाखवायची असेल तर ‘सक्तीने भरती केलेला’ असं लांब लिहावं लागेल. एका शब्दात बसवायचा हट्ट सोडा.

अनुवादिका: मग वाक्य असं करते: ‘युद्ध सुरू होताच सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना स्थानबद्ध करून नगरच्या छावणीत ठेवले, १९१७मध्ये हिंदुस्थानातल्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांवर सैन्यभरतीची सक्ती आली.’

कायद्याचा कीडा: चालेल. ‘सैन्यभरती’ऐवजी ‘सैनिकी सेवेची सक्ती’ करा. त्यातले बरेच जण नोकरीधंदा सांभाळून स्थानिक पलटणीत कवायत करत होते, ‘भरती’ म्हटलं की घरदार सोडून गेल्यासारखं वाटतं.