अनुभव धागा : अमेरिकेच्या दक्षिणेतलं घरचं जेवण आणि बरण्यांचे दिवस

अमेरिकन जेवण म्हणजे बर्गर-पिझ्झा अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी जुलैत जॉर्जिया किंवा अलाबामातल्या एखाद्या जुन्या घरी जाऊन यावं. ओट्यावर भेंडी, मांडीवरच्या परातीत चवळीच्या ओल्या शेंगा, मक्याची कणसं पोत्याने, टोमॅटो दिसेल त्या सपाट जागेवर पसरलेले. आणि घरात जितकी माणसं सापडतील तितकी कामाला जुंपलेली. हिवाळ्यासाठी बरण्या भरून ठेवायचे हे दिवस.

अटलांटा, हंट्सव्हिल, शार्लट, रॅली इथे आता भरपूर मराठी घरं आहेत. कुणी इथल्या कुटुंबात सून-जावई म्हणून गेलंय, कुणाला शेजाऱ्यांनी हाताला धरून स्वयंपाकघरात नेलंय. त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. पाककृती कुठेही मिळतात. मला हवंय ते असं : कोण बसलं होतं, कोण हुकूम सोडत होतं, त्या दिवशी जेवायला काय होतं. राज्य जरूर लिहा, कारण डोंगर उतरला की पद्धत बदलते.

सुरुवात मीच करते. उत्तर जॉर्जिया. शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या. इथे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आधी ‘मिस’ लावतात. आमची मुलं त्यांना सरळ मिस-आजी म्हणतात. त्यांच्याकडे हाफ-रनर जातीच्या घेवड्याचा मांडव आहे. या शेंगांना दोन्ही कडांना दोरा असतो, तो सबंध निघाला पाहिजे. सकाळी ओसरीवर बसून दोरे काढायचे, शेंग तीन ठिकाणी मोडायची. नवऱ्याने एकदा सुरी आणली तर मिस-आजींनी ती घेऊन आत ठेवून दिली. शेंग मोडली की जो आवाज येतो त्यावरून ती कोवळी की जून ते कळतं, सुरीने काय कळणार?

मग प्रेशर कॅनर. आपला कुकर नव्हे; वर दाब दाखवणारी तबकडी असलेलं मोठं जड भांडं. काटा 11 पौंडांवर आला की घड्याळ लावायचं : पाइंटच्या (साधारण अर्धा लिटर) बरण्यांना 20 मिनिटं, क्वार्टच्यांना (साधारण एक लिटर) 25. मधे काटा खाली घसरला तर पुन्हा पहिल्या मिनिटापासून. त्या वेळात मिस-आजी शेगडीसमोर खुर्ची टाकून बसतात, फोन वाजला तरी उचलत नाहीत. बरण्या बाहेर काढून टॉवेलवर ठेवल्या की गार होताना एकेक झाकण आत ओढलं जातं आणि ‘टिंग’ वाजतं. मुलं ते मोजतात. जिचं वाजत नाही ती बरणी फ्रिजमध्ये, या आठवड्यात संपवायची.

त्या दिवशीचं जेवण : त्याच शेंगा (त्यांच्यासाठी डुकराच्या हाडासोबत तासन्‌तास शिजलेल्या, आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात लोण्यावर, आणि वर ‘याला काही चव नाही’ हा शेरा), टोमॅटोच्या जाड चकत्या, आणि मक्याचा ब्रेड. बिडाचा तवा ओव्हनमध्ये चरबीसकट तापवायचा आणि त्यात पीठ ओतायचं. चर्रर्र झालं नाही तर खालचा पापुद्रा कुरकुरीत होत नाही.

आता तुम्ही लिहा.

हंट्सव्हिल, अलाबामा

मस्त धागा, ताई. माझं सासरच इथलं. सासूबाईंचा हातखंडा म्हणजे चाउचाउ, भाज्यांचं आंबटगोड लोणचं. ऑक्टोबरात पहिलं हिव पडायच्या आत बागेत जे उरलंय ते सगळं खुडून आणायचं : हिरवे टोमॅटो, कोबी, सिमला मिरची, कांदे. बारीक चिरून मीठ लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी घट्ट पिळायचं, मग व्हिनेगर, साखर, मोहरी, सेलरीचं बी आणि हळद घालून शिजवायचं.

होय, हळद! लग्नानंतर पहिल्यांदा ते पातेलं बघितलं तेव्हा मला वाटलं माझ्यासाठी मुद्दाम घातलीय. छे. त्यांच्या आजीपासून चालत आलंय. काकडीच्या गोड लोणच्यातही घालतात. फक्त त्यांची हळद सुपरमार्केटच्या बाटलीतली, फिकट, वासाला मुकी. माझी आई सांगलीहून आली ती अर्थातच किलोभर हळद घेऊन. त्या वर्षीचं चाउचाउ इतकं पिवळंधमक झालं की चुलतसासऱ्यांनी बरणी उजेडात धरून ‘यात नक्की काय आहे?’ असं विचारलं. आई आणि सासूबाई, दोघींची भाषा वेगळी, पण पिळलेल्या कोबीत पाणी उरलंय की नाही यावर दोघी व्यवस्थित भांडल्या. आईचा शेवटपर्यंत एकच प्रश्न : ‘अगं, याला फोडणी कधी देणार?’

खातात कशाबरोबर? पिंटो बीन्सचं (राजम्यासारखं कडधान्य) पातळ वरण म्हणा हवं तर, त्यावर चमचाभर चाउचाउ, बाजूला मक्याचा ब्रेड. ब्रेडमध्ये साखर नाही. साखर घातली तर सासूबाईंच्या मते तो केक.

(गाव नको, टेनेसी)

मी सुनेसारखा भाग्यवान नाही, ऑफिसातल्या मित्रामुळे गेलो. त्यांच्या शेतावर सप्टेंबरअखेर काकवी करतात. उसाची नाही, ज्वारीची. गोड ताटांची जात असते, कणसं छाटून ताटं चरकात घालायची. रस हिरवट. लांबलचक उथळ कढईत उकळत ठेवून वरची मळी सतत काढत राहायची. साधारण 10 गॅलन रसाची 1 गॅलन काकवी होते, म्हणजे दिवसभर धुरात उभं राहून हातात किती येतं ते समजा. मी कोल्हापूरचा, गुऱ्हाळं बघत वाढलो. मळी काढायचा झारा हातात घेतला आणि मित्राच्या वडिलांनी काही न बोलता मला कढईच्या टोकाला उभं केलं. तिथे पाक तयार होतो, नवख्याला उभं करत नाहीत म्हणे.

गरम बिस्किटं (आपली नव्हेत, ताकातली मऊ), लोणी आणि ही काकवी ताटलीत एकत्र कालवून. बास.

उत्तर जॉर्जियात ब्लेअर्सव्हिलला या काकवीची जत्राच भरते ऑक्टोबरात. धागाकर्तींना जवळ पडेल.

कोलंबिया, साउथ कॅरोलिना

वरचं सगळं वाचताना छान वाटतंय, पण या जेवणाचा अर्धा भाग ज्यांच्यामुळे आहे त्यांचं नाव अजून निघालं नाही म्हणून लिहिते. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून इथे आल्या, गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर. माझी मैत्रीण कृष्णवर्णीय, तिच्या घरी 1 जानेवारीला चवळी-भात (हॉपिन जॉन) आणि कोलार्डची पालेभाजी झालीच पाहिजे. चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा. पाल्याचं शिजलेलं पाणी फेकत नाहीत, वाटीत घेऊन ब्रेड बुडवून खातात.

तिच्या आईकडून कळलेली गोष्ट. याच राज्यात एकेन काउंटीत 1910 मध्ये मरी क्रोमर नावाच्या शिक्षिकेने शाळकरी मुलींचं टोमॅटो मंडळ काढलं. प्रत्येकीने एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे, स्वतः कसायचा, टोमॅटो डब्यात भरून विकायचे आणि पैसे स्वतःचे. पुढे 1914 च्या कायद्याने सरकारी शेती-विस्तार सेवा सुरू झाली आणि गावोगावच्या बायकांना कॅनिंग (बरण्या-डबे हवाबंद करणं) शिकवायला शिक्षिका फिरू लागल्या. पण गोऱ्यांसाठी वेगळ्या, काळ्यांसाठी वेगळ्या; काळ्या शिक्षिकांना पगार कमी, साधनं कमी. मैत्रिणीची पणजी अशाच एका शिक्षिकेच्या हाताखाली शिकली. त्यामुळे तिच्या घरात ‘आमच्या आजीची जुनी पद्धत’ असं कौतुकाने कुणी म्हणालं की तिची आई विचारते, कुणाच्या आजीची?

आम्ही तिच्याकडे पेअरचा मुरंबा करतो. झाडावरचे पेअर दगडासारखे कडक, कच्चे खाताच येत नाहीत. पातळ फोडी करून साखरेत रात्रभर ठेवतात, सकाळी लिंबाच्या चकत्या घालून सोनेरी होईतो मंद आचेवर. तिचे बाबा बाहेर अंगणात ताज्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडत असतात. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा! त्यासाठी मला आमंत्रण लागत नाही.

पुणे

वाचतेय. एक शंका. हे तंत्र वापरून कैरीचं लोणचं बरणीबंद करता येईल का? आणि कॅनर नाही, घरचा कुकर चालेल का?

अथेन्स, जॉर्जिया

@पुणे, मी अन्नतंत्रज्ञानात काम करतो म्हणून सविस्तर. कुकर नको. शिट्ट्या मोजून हे होत नाही. कुकर लवकर तापतो, लवकर निवतो आणि त्या चढ-उताराचा वेळही कॅनिंगच्या हिशेबात धरलेला असतो. मुद्दा आहे बोट्युलिनम नावाच्या जीवघेणं विष तयार करणाऱ्या जिवाणूचा. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि बंद बरणीत हवा नसते, तेच त्यांना हवं असतं. पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 किंवा कमी असेल तर ते वाढत नाहीत, म्हणून फळं, मुरंबे, व्हिनेगरचं लोणचं उकळत्या पाण्यात चालतं. शेंगा, मका, चवळी, मटण यांना दाबाखाली 240 फॅरनहाइटला (सुमारे 116 सेल्सिअस) न्यावंच लागतं. टोमॅटो काठावर बसतो, म्हणून क्वार्टला 2 मोठे चमचे लिंबाचा रस, तोही बाटलीतला; ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो.

आपलं लोणचं मीठ, आंबटपणा आणि तेलाच्या थरावर टिकतं, ते तसंच टिकू द्या. त्याला कॅनिंगची गरज नाही, आणि तेलातल्या लोणच्यासाठी तपासलेली कृती माझ्या पाहण्यात नाही. मुरंबा करणार असाल तर पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे हे विसरू नका : 1,000 फुटांच्या वर जॅमची बरणी पाण्यात 5 ऐवजी 10 मिनिटं ठेवतात. या कृती तपासणारं राष्ट्रीय केंद्र आमच्याच गावच्या विद्यापीठात आहे, त्यांचे तक्ते सगळ्यांना खुले आहेत.

मोबील, अलाबामा

वरच्या दादांना अनुमोदन, पण हे घरात सांगून बघा! आमच्या आत्तेसासूबाई गरम जॅम ओततात, झाकण लावतात आणि बरणी उलटी करून ठेवतात. पाण्यात उकळणं वगैरे नाही. ‘साठ वर्षांत कुणी मेलं नाही.’ तपासलेल्या कृतीत आता याला साफ नकार आहे. मी वाद घालत नाही, त्यांची बरणी घरी आणून फ्रिजमध्ये ठेवते. नणंद मात्र तोंडावर बोलली, आणि दोन नाताळ बरणीशिवाय गेले तिचे.

आणि रिकामी बरणी धुऊन परत करायची असते हं, हा इथला अलिखित कायदा. फक्त चपटं झाकण एकदाच वापरायचं. 2020 मध्ये झाकणं बाजारातून गायब झाली होती तेव्हा चर्चमध्ये लोक झाकणांची अदलाबदल करत होते. मी बरणी परत करताना त्यात चिवडा भरते. रिकामं भांडं परत द्यायला आपला हात धजत नाही. परिणाम : आता बरण्या जास्त येतात.

डॅलस

थोडा विरोधी सूर. टेक्सास हा दक्षिण की नाही यावर आधीच वाद आहे, त्यामुळे मला क्षमा असावी. पण बरण्या, झाकणं, गॅस, एसी आणि एक आख्खा शनिवार धरला तर घेवड्याचा डबा दुकानात कितीतरी स्वस्त पडतो. माझ्या सासुरवाडीत (मिसिसिपी) मका, बटरबीन्स (पावट्यासारखे चपटे दाणे), चवळी सगळं झिपच्या पिशव्यांतून फ्रीझरमध्ये जातं. चव कॅनपेक्षा चांगली. बरणीत फक्त भेंडीचं लोणचं आणि अंजीर. मग एवढा घाम कशाला?

उत्तर जॉर्जिया (धागाकर्ती)

@डॅलस, मिस-आजींना विचारलं. म्हणाल्या, वादळ आलं की वीज जाते, बरणीला वीज लागत नाही. आणि मका त्याही फ्रीझरमध्येच ठेवतात, त्यामुळे निम्मे गुण तुम्हाला.

रॅली, नॉर्थ कॅरोलिना

आमच्याकडे सूत्रं सासऱ्यांच्या हाती. एरवी ते स्वयंपाकघरात फिरकत नाहीत, सप्टेंबरात मात्र कुणाला फिरकू देत नाहीत. स्कपरनाँग नावाची द्राक्षं : तांबूस सोनेरी, सुटी सुटी लागणारी, साल इतकं जाड की दाबलं की गर उडी मारून बाहेर येतो. गर एका पातेल्यात, सालं दुसऱ्या. गर शिजवून चाळणीतून बिया काढायच्या, सालं वेगळी मऊ होईतो शिजवायची, मग साखर घालून दोन्ही एकत्र. दाबायचं काम मुलांचं, कारण निम्मी तोंडात जातात आणि ते गृहीत धरलेलं असतं.

मागच्या वर्षी मी त्यात सुकी लाल मिरची घालू का म्हणून विचारलं. मिरचीची जेली इथे चीजबरोबर खातातच की. बराच वेळ विचार करून म्हणाले, एका बरणीत घाल. यंदा त्यांनी स्वतःच तीन बरण्या बाजूला काढून ठेवल्यात, आणि झाकणावर माझं नाव घातलंय, म्हणजे बिघडलं तर जबाबदार कोण ते आधीच ठरलं. मिरची ब्याडगी घ्यावी की लवंगी? जाणकारांनी सांगा, शनिवारच्या आत.