जुन्या गाड्यांतल्या डोकेबाज सोयी : तुम्हाला माहीत असलेल्या इथे लिहा

काल वणीच्या बाजारात अ‍ॅम्बेसेडर दिसली, समोरच्या दाराची तिकोनी काच उघडी. म्हणून हा धागा. त्या काचेची मागची कड बोटभर बाहेर काढली की चालत्या गाडीतली कोंदट हवा ओढली जाते. काटकोनाच्याही पुढे फिरवली की वारा सरळ तोंडावर. मे महिन्याच्या दुपारी हे दुसरं नको, नुसती झळ येते. दिवस मावळल्यावर मात्र त्याच्यासारखं सुख नाही. काच आपोआप मिटत असेल तर खालच्या खुंटीवरची स्प्रिंग ढिली झालीय. दाराचं आतलं कव्हर काढून नट अर्धा आटा आवळा. जास्त आवळला तर फिरवताना काच तडकते.

वऱ्हाडी_पाना
पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनवरच्या पेट्रोल पंपाले हातानं पेट्रोल चढवायची बारकी दांडी असते, ते कोणी सांगतच नाही. उन्हात पेट्रोलची वाफ धरली का गाडी बंद. पंपावर आन नळीवर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा, मंग दांडी हातानं मारा. दांडी पोकळ लागली तर पंप गेला असं समजू नका. कॅमनं, म्हंजे इंजिनातल्या फिरत्या उंचवट्यानं, पंपाचा आतला आर्म उचलून धरला असते. समोरून लावायच्या हँडलनं इंजिन एक फेरा फिरवा, कॅम अर्धा फिरते, दांडी लागते.

तुरीचं_वावर
कारबुरेटर भरला तरी दांडी सैलच लागते बरं. आधी ते पाहा.

आर्वीकर
हँडलचं निघालंच आहे तर अंगठ्याचं लिहा कोणीतरी! अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत धरायचा नाही. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. ठिणगीचं टायमिंग पुढे असलं तर इंजिन उलटा झटका देतं, मनगट मोडतं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला.

मोहाचं_झाड
पायाचा डिप्पर! हेडलाइटचा उजेड वर-खाली करायचं बटन, क्लचच्या डावीकडे, फरशीवर. हात स्टेअरिंगवरच राहतात. पण बुटाची माती आत जाते, मंग कधी अप्पर नाही, कधी डिप्पर नाही. दोन स्क्रू काढा, रॉकेलनं धुवा, पॉइंट बारीक पॉलिशपेपरनं घासा. बॅटरीची वायर आधी काढा.

आर्वीकर
दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे दिवे बिजागरीवर होते. पंखासारखा नट ढिला केला की दिवा मागे उलटायचा, उजेड थेट इंजिनवर. रात्री बिघाड झाला तर टॉर्च धरायला दुसरा माणूस नको.

कपाशी७२
जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या समोरच्या काचेवर पाणी स्टेपनीच्या हवेनं उडायचं. मोटर नाही. त्याच्यासाठी स्टेपनीत हवा जास्तीची भरून ठेवावी लागे.

मोहाचं_झाड
भाऊ, तिकोन्या काचेचं रबर कुठी भेटते?

वऱ्हाडी_पाना
नागपुरात जुन्या पार्टवाल्यांकडे पाहा. जुनं रबर फेकू नका, कापायले तेच माप लागते. बसवताना साबणाचं पाणी लावा, ऑइल नोको, रबर फुगते.

तुरीचं_वावर
प्रीमियर पद्मिनी गाडीचा स्टेअरिंगवरचा गिअर राहिलाच. समोर तीन माणसं बसत त्याच्यानंच. बुश झिजला का दोन गिअरच्या मधात अडकते. जोर लावू नका, बोनेट उघडून गिअरची सळई हातानं हलवा, न्यूट्रल येते. बाकी रात्री लिहितो, कापसाची गाडी भरणं चालू आहे.

कपाशी७२
भाव काय लागला भाऊ?