आयटीच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स वही-पेनानं शिकवणं आता थांबवायला हवं का?

इंदिरानगरकर (धागाकर्ता)

नाशिकमधल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. फ्रेशर्सच्या मुलाखतींना मला बसवतात. परवा एक मुलगी आली होती, एम-थ्रीला (इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, त्यात स्टॅटिस्टिक्स असतं) उत्तम मार्क. मी तिला साधा डेटा दिला: सर्व्हरला १०० रिक्वेस्ट आल्या, त्यातल्या ९८ ना ०.१ सेकंदात उत्तर मिळालं, दोनना १० सेकंद लागले. सरासरी काढ.

०.२९८ सेकंद. बरोबर. प्रमाणित विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप)? सूत्र मांडून, वर्गमूळ काढून १.३९ च्या आसपास. तेही बरोबर. मग विचारलं, सरासरीतून एक विचलन वजा केलं तर? उणे १.०९. "म्हणजे रिक्वेस्ट यायच्या सेकंदभर आधीच सर्व्हरनं उत्तर दिलं का?" ती गप्प झाली.

यात तिची काहीही चूक नाही. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक विचलन घेतलं की सुमारे ६८ टक्के डेटा येतो, हा नियम घंटेच्या आकाराच्या वितरणासाठी आहे, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. इथे मध्यक बघायचा (०.१ सेकंद), आणि ९९ वा पर्सेंटाइल बघायचा (९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात ती वेळ, इथे १० सेकंद). तक्रार करणारे ग्राहक त्या दोन रिक्वेस्टमध्ये बसलेले असतात.

माझं मत स्पष्ट आहे. वर्गांतरांच्या तक्त्यावरून विचलन काढायची गणितं, झेड-टेबलात (घंटेच्या वक्राखालच्या शक्यतांचा छापील तक्ता) बोट फिरवणं, हे संगणक नव्हते तेव्हाचं काम. आयटीच्या मुलांना पहिल्या तासापासून पायथॉन उघडून द्या. २३ जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी यायची शक्यता किती? दहा ओळींचा प्रोग्राम, दहा हजार वेळा चालवा, ०.५१ च्या आसपास उत्तर येतं. वर्ग अवाक होतो. लगेच पुढचं सांगा: ३२ बिटांच्या हॅशला (नोंदीवरून बनवलेला ठराविक लांबीचा सांकेतिक आकडा) सुमारे ४२९ कोटी किमती असतात, तरी ७७ हजार नोंदी झाल्या की कुठल्या तरी दोन नोंदींची टक्कर व्हायची शक्यता निम्मी होते. गणित तेच, वाढदिवसाचं. मग हे कोण विसरेल?

खडूफळा

मी हाच विषय शिकवते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तुमचं उदाहरण उद्या वर्गात वापरणार आहे. निष्कर्ष मात्र पटला नाही.

ती मुलगी कागदामुळे गप्प झाली नाही. तिच्यासमोर लॅपटॉप असता तर १.३८६ छापून आलं असतं आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली असती. उणे वेळ निदान कागदावर दिसली तरी.

गेल्या सत्रात माझ्याकडे एका प्रोजेक्टचे दोघं भांडत आले. डेटा सारखाच, ४, ६, ८. एकाचं विचलन १.६३, दुसऱ्याचं बरोब्बर २. "मॅडम, कुठल्या लायब्ररीत बग आहे?" बग कुठेच नव्हता. पायथॉनची नमपाय ही लायब्ररी वेगळं काही सांगितलं नाही तर एन नं (आकड्यांच्या संख्येनं) भागते, पांडाज ही दुसरी एन वजा एक नं. हे त्यांना प्रोग्राम शंभर वेळा चालवूनही कळलं नसतं. मी फळ्यावर तीन फरक लिहिले: उणे २, ०, २. म्हटलं, यातला शेवटचा पुसते, ओळखा. दोघांनी लगेच ओळखला, कारण सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्यच यायला हवी. म्हणजे खरे मोकळे आकडे दोनच. नमुन्यावरून मोठ्या समूहाचा अंदाज बांधताना दोननं भागायचं ते याचसाठी. दोन मिनिटं लागली, खडूची.

आणि तुमच्या वाढदिवसाच्या प्रोग्राममध्ये ३६५ ही दिवस सारखेच आणि प्रत्येकाचा वाढदिवस स्वतंत्र, हे गृहीतक लपलेलं आहे. मुलं उत्तरावर विश्वास ठेवतात, गृहीतक वाचत नाहीत.

सातपूर_बॅकएंड

मला दोन्ही पटत नाही. सहा वर्षं नोकरी झाली, एकदाही झेड-टेस्ट लागली नाही. पर्सेंटाइल मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड दाखवतो. ज्यांना डेटा सायन्सकडे जायचंय त्यांनी शिकावं, बाकीच्यांवर सक्ती कशाला? तेवढे तास डेटा स्ट्रक्चर्सला द्या, प्लेसमेंटला तेच विचारतात.

पंचवटी_डेटा

@सातपूर_बॅकएंड, डॅशबोर्ड आकडा दाखवतो. त्याचा अर्थ कोण सांगणार?

माझं काम व्यवहारांतली फसवणूक पकडायचं. एका बैठकीत मॉडेल "९९ टक्के अचूक" आहे म्हणून सगळे खूश होते. मी कागदावर चार चौकटी काढल्या. धरा, एक लाख व्यवहार, हजारात एक फसवा. म्हणजे १०० फसवे, ९९,९०० चांगले. मॉडेल फसव्यांपैकी ९९ पकडतं. चांगल्यांपैकी एक टक्क्यावर चुकून बोट ठेवतं, म्हणजे ९९९ जणांवर. एकूण १,०९८ व्यवहार अडवले, त्यात खरे फसवे ९९. नऊ टक्के! अडवलेल्या दर अकरा ग्राहकांपैकी दहा निर्दोष. त्यांचे पैसे अडकवणारा कोड बॅकएंडवालाच लिहितो ना भाऊ?

हा बेजचा नियम, लंडनमध्ये १७६३ साली छापून आलेला. मला तो सूत्रातून कधीच कळला नव्हता, चार चौकटींतून कळला. तेव्हा माझं मत खडूफळा यांच्या बाजूनं.

सातपूर_बॅकएंड

उदाहरण मान्य. पण असं ठरवणं आमच्या हातात नसतं, वरून रिक्वायरमेंट येते. माझं मत कायम.

इंदिरानगरकर

@खडूफळा, एन वजा एकचं उदाहरण जोरदार आहे, मानतो. पण सिम्युलेशनला तुम्ही कमी लेखताय. १९०८ साली गॉसेट यांनी "स्टुडंट" या नावानं टी-वितरणाचा (छोट्या नमुन्यांवरून अंदाज बांधताना लागणारं वितरण) लेख लिहिला. ते गिनेस कंपनीत बीअर बनवण्याच्या कामावर होते, हातात नेहमी छोटे नमुने. त्यांनी ३,००० कैद्यांची मापं कार्डांवर लिहिली, कार्डं पिसली आणि चार-चारचे ७५० नमुने पाडले. हे सिम्युलेशनच आहे, फक्त हातानं केलेलं. आपण तीच टी-टेस्ट शिकवतो आणि पिसलेली कार्डं गाळून टाकतो. मुलांसमोर उरतं ते पुस्तकाच्या मागचं टेबल.

खडूफळा

गॉसेटना तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्यांच्या लेखात आधी गणितानं मांडलेलं वितरण आहे, मग ते कार्डांच्या नमुन्यांशी ताडून पाहिलंय. मी भांडतेय ते याच क्रमासाठी. मुलं आधी अंदाज लिहोत, मग प्रोग्राम चालवोत. उलटं केलं की अंदाज करायची सवयच लागत नाही.

टेबल मात्र काढून टाका, त्यावर माझी सही घ्या.

जुनं_नाशिक

थोडं अवांतर. गोदेला पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतो. २००८ ला पाहिलं, २०१९ ला पाहिलं. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" ऐकलं की लोक समजतात, आला एकदा, आता शंभर वर्षं निर्धास्त. अर्थ तसा नसतो. दरवर्षी एक टक्का शक्यता, असा तो अर्थ. तीस वर्षं नदीकाठी राहिलात तर निदान एकदा तो पूर बघायची शक्यता २६ टक्के. (०.९९ चा तिसावा घात, तो एकातून वजा.) माझ्या मते हे आयटीवाल्यांपुरतं ठेवूच नये, दहावीलाच शिकवावं.

निफाड_अपडाउन

मी सेकंड इयर आयटी, रोज निफाडहून येतो. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहितो. आमच्या लॅबमध्ये एका पीसीवर तिघं. एक टाइप करतो, दोघं बघतात. म्हणून "पायथॉन उघडून द्या" ऐकून बरं वाटलं नाही, दादा. आणि वहीत जी गणितं सोडवतो त्यांत कुणाचा डेटा आहे हेच माहीत नसतं. "एका वर्गातील ५० विद्यार्थ्यांचे वजन." कुठला वर्ग?

मला बहुलक कळला तो लासलगावच्या कांदा बाजारभावात. किमान, कमाल आणि तिसरा सर्वसाधारण दर. ज्या दराच्या आसपास जास्त माल विकला गेला, तो सर्वसाधारण. घरात सगळ्यांची नजर आधी त्यावरच जाते. मग मी काकांच्या पाच खेपा लिहून काढल्या, क्विंटलचे दर: ११००, ११५०, ११८०, १२००, २१००. सरासरी १३४६, मध्यक ११८०. काका सगळ्यांना सांगतात साडेतेराशेनं गेला, पण पाचपैकी चार खेपा बाराशेच्या वर गेल्याच नाहीत. धाग्यातल्या सर्व्हरसारखंच आहे ना? मध्यकच खरा.

खडूफळा

फार छान निवडलास डेटा. पण इथे थांब. सर्व्हरच्या बाबतीत प्रश्न होता, बहुतेक ग्राहकांना काय अनुभव आला. काकांचा प्रश्न वेगळा आहे: हंगामात एकूण किती पैसे आले. मध्यकाला खेपांनी गुणलंस तर ती रक्कम येणार नाही, सरासरीला गुणलंस तर येईल. म्हणजे काका चुकीचं सांगत नाहीत.

पण तीही अशी सरळ सरासरी चालेल का? पाचही खेपांना माल सारखाच होता?

इंदिरानगरकर

पीसीवर तिघांचं मला माहीत नव्हतं. ते कळल्यावर "पहिल्या तासापासून" हा हट्ट सोडतो. परीक्षेत मात्र डेटा देऊन "यातलं कुठलं माप वापराल, का?" हा प्रश्न यायलाच हवा, त्यावर ठाम आहे.

निफाड_अपडाउन

नाही मॅडम, २१०० ची खेप लहान होती, पिकअपमधून नेली होती. बाकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीनं. हिशोबपट्टीवर प्रत्येक खेपेचं वजन असतं. आज घरी गेल्यावर पट्ट्या काढतो आणि वजनानं गुणून परत मांडतो. अंदाज आधी लिहून ठेवतो: १२५० च्या आत येईल.