मुदतीत संपलं का? जाडजूड पुस्तकं आणि आपण

परवा पुस्तक बदलायला गेले तर खरं बदललंच नाही, तिसऱ्यांदा तारीख वाढवून आणली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, पाठ करताय का?" हसले, पण वाटेत हिशेब केला. 680 पानं, 15 दिवस, म्हणजे रोज 45. एके काळी तेवढी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता व्हायची. आता मोतीबिंदू काढूनही वीस पानांत डोळ्यांना पाणी येतं, आणि पुस्तक पोटावर पालथं टाकून डुलकी लागते ती वेगळीच. साठी उलटलेल्यांनो, कसं जमवता? खरंखरं लिहा. न वाचता परत केलेलीही चालतील.

ठाणे, वय 71
आम्ही नवरा-बायको एकच पुस्तक वाचतो. तिची खूण बसचं तिकीट, माझी विजेचं बिल. ती सकाळी, मी दुपारी. मुदत पाळली जाते, पण ती कायम दोनशे पानं पुढे. चहा ओतता ओतता म्हणते, "त्याच्यात फार जीव गुंतवू नका हं." आता काय वाचायचं पुढे?

रत्नागिरी, वय 68
आमचं नगर वाचनालय 1828 चं. एवढ्या वर्षांत उशिरा आलेला मी पहिला नक्कीच नाही, असं मनाशी म्हणत दंड भरतो.

क्वीन्स, न्यूयॉर्क, वय 73
मुलाकडे असते. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी 2021 च्या ऑक्टोबरपासून उशिराचा दंडच काढून टाकलाय. शिवाय मोठ्या टायपातली पुस्तकं मिळतात. म्हटलं, आता चैन! झालं उलटंच. दीड महिना झाला, मी आपली शंभराव्या पानावर. पुण्यात दोन रुपयांच्या धाकानं रात्री जागून संपवायचे.

कोल्हापूर, वय 76
खंडवाल्या पुस्तकांचं दुखणं निराळं. दुसरा खंड वेळेत दिला, तर तिसरा कुणीतरी नेलेला. तो हाती येईपर्यंत कोण कुणाचा मेहुणा तेच विसरलो. आता वहीत वंशावळ काढून ठेवतो. आणि एक गंमत: माझ्या आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्यात, पान 112 पर्यंत. पुढे पानं कोरी करकरीत. गृहस्थ तिथेच थकले असणार. मी 113 वर पोचलो तेव्हा, खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

नाशिक, वय 66
दिवाळीनंतर जाड पुस्तक घरात आणूच नका. अंक चार-चार दिवसांत फिरवायचे असतात, त्यात कादंबरी मरते.

धागाकर्ती
ठाणेकर, तुमच्या सौभाग्यवतींना माझा नमस्कार. माझी 140 उरलीत. तारीख शनिवारची, आज गुरुवार, आणि नात तापानं फणफणलीय. तिला झोपवताना तेच मोठ्यानं वाचतेय. निदान ती तरी झोपते.