सूरहूझेनचा कललेला मनोरा: जपायचं काय, चर्च की कल?

एमडेनकर: जर्मनीत एमडेनजवळ सूरहूझेन म्हणून छोटंसं गाव आहे, तिथलं विटांचं मध्ययुगीन चर्च बघून आलो. मनोरा 27.37 मीटर उंच आणि 5.19 अंश कललेला, म्हणजे माथा जवळजवळ अडीच मीटर बाहेर! लोक गाडीतून उतरतात, मनोऱ्याला हात टेकवल्यासारखा फोटो काढतात आणि चालू पडतात, त्या जुन्या विटांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझं मत स्पष्ट आहे, कल हा बिघाड आहे आणि आपण बिघाडाचंच कौतुक करत बसलोय.

वीटभट्टी: बिघाड कसला? आणि मूळ चर्च तरी कुठलं म्हणताय, 1450 ला त्यांनी स्वतःच जुन्या चर्चचा साधारण पाव भाग पाडला नि त्या जागेवर हा मनोरा चढवला. त्या भागात दगडाची खाण नाही, चिखल मात्र हवा तेवढा, म्हणून वीट. आणि खाली दलदल, म्हणून पायाला ओकचे ओंडके. ते पाण्यात बुडालेले होते तोवर ठणठणीत, 19व्या शतकात दलदलीचं पाणी काढलं, ओंडक्यांना हवा लागली, कुजले, मनोरा बसला एका अंगाला. हे सगळं त्या कलात वाचता येतं की राव!

कडूकारलं: वाचतं कोण, सगळे जगातला सर्वात कललेला मनोरा ह्या रेकॉर्डसाठी जातात. तो रेकॉर्डही कसला, पिसाचा मनोरा आधी साडेपाच अंश होता, 1990 नंतर दुरुस्ती करून 3.97 वर आणला म्हणून 2007 ला गिनेसमध्ये ह्यांचा नंबर लागला 😄 आता तर जर्मनीतल्याच गाऊ-वाइनहाइमच्या मनोऱ्यानं तोही पळवला. आता काय, अजून वाकवणार?

एमडेनकर: तेच म्हणतोय! 1975 ला धोकादायक म्हणून बंद केलं होतं, पक्कं करून 1985 ला उघडलं, तेव्हा कुठे होता रेकॉर्ड? मग जमलं तेवढं सरळही करायचं ना, पिसासारखं.

वीटभट्टी: पिसावाल्यांनी पण पूर्ण सरळ नाही केला, मुद्दाम कल ठेवला. साडेपाचशे वर्षांच्या विटा आहेत त्या, ढकलायला गेलात तर सांधे उघडतील. बाकी एवढं भिंतींचं प्रेम आहे तर तुम्ही काढलेले आतले फोटो टाका.

एमडेनकर: ...दार बंद होतं हो.